दोन डब्या, दोन कान

कानांवर केस ओढून घेऊन वावरणाऱ्या बाया मला चटकन ओळखू येतात. बसच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, कुठेही. वारा सुटला की त्यांचा हात आधी पदराकडे जात नाही, कानाकडे जातो. मीही तीन वर्षं तशीच वावरले. हे मी त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांच्या छातीवर, खांद्यावर किंवा भाजल्या जागी व्रण उगवून आला आहे आणि थांबायचं नाव घेत नाही, त्यांच्यासाठीही. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली साधी नोकरदार बाई आहे. पण मी जे पाहिलं ते इतकं आनंदाचं होतं की पाच वर्षं झाली तरी सांगताना मला दम धरवत नाही.

बुगडी

मी विट्याची. वडिलांची पिठाची गिरणी. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि तेही आमच्या मुख्याध्यापकांनी वडिलांची पाठ सोडली नाही म्हणून. त्यांचे उपकार मी रोज आठवते. बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या दोन वर्षं आधी लग्न होऊन घाटकोपरला आले. हे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. मला मुलुंडला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि सुनेने पांढरा कोट घालून काम करावं याचं सासूबाईंना माझ्याहून जास्त अप्रूप होतं. कोट त्या स्वतः नीळ घालून धुवायच्या.

सासूबाईंनी सुनेसाठी आपल्या आईच्या बुगड्या जपून ठेवल्या होत्या. बुगडी घालतात कानाच्या वरच्या कडेला, आणि माझ्या कानांना तिथे भोकं नव्हती. त्यांचा आग्रह म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी सोनाराला घरी बोलावलं आणि दोन्ही कान वर टोचून घेतले.

बुगड्या मी जेमतेम दोन महिने घातल्या. कान पिकले, बरे झाले, आणि मग भोकाशी मोहरीएवढं काहीतरी हाताला लागलं. पुढे ते तुरीएवढं झालं. वर्षभरात दोन्ही कानांवर एकेक करवंद धरलं. करवंदासारखंच गुळगुळीत, ताणलेलं, जांभळट. हे गमतीने विचारायचे, "काय, हंगाम कसा आहे यंदा?" मी हसायचे. पण खाज हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. लाल मुंग्या आतून चालल्यासारखी खाज, आणि खाजवलं की ठणका. कुशीवर झोपणं बंद झालं. प्रयोगशाळेत केस मागे बांधायचा नियम होता, तर मी केसांची एकेक बट मुद्दाम सैल ठेवून दोन्ही बाजूंनी कानांवर ओढून घ्यायचे.

शेजारणींनी चुना लावायला सांगितला, लावला. घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधायला सांगितला, तोही सासूबाईंनी कुठून तरी मिळवला. शेवटी गल्लीतल्या एका डॉक्टरांनी गाठ म्हणून दोन्ही कापून टाकल्या. किती हलकं वाटलं मला त्या दिवशी! चार महिन्यांत दोन्ही परत आल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

कापलं की मोठं होऊन उगवतं, याचा अर्थ आमच्या चाळीत सगळ्यांना एकच माहीत होता, आणि तो शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारत नव्हतं.

गुरुवारची ओपीडी

महापालिकेच्या एका दवाखान्यात गुरुवारी कातडीच्या रोगांची ओपीडी असे. केसपेपर काढून बाकावर बसलो, सासूबाई आणि मी. सासूबाई पोथी वाचल्यासारखे ओठ हलवत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पोथी सगळी पाठ होती.

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या एक बाई. जाड चष्मा, तुटक बोलणं. त्यांनी कान पाहिला, गाठ चिमटीत धरली, आणि मग एकदम मला म्हणाल्या, "बाही वर कर." लहानपणी देवी टोचल्याचा माझा वण त्यांनी बोटाने दाबून पाहिला. तो वाटाण्यासारखा उठलेला होता. मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मग वडिलांचं विचारलं. वडिलांच्या हाताला गिरणीचा पट्टा लागला होता, तो वण दोरीसारखा फुगलेला आहे, हे मी सांगितलं.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "ते आधी डोक्यातून काढ."

मी रडायला लागले. त्या थांबल्या नाहीत, बोलत राहिल्या, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. याला कीलॉइड म्हणतात. जखम भरून निघते, पण कातडीला कुठे थांबायचं ते कळत नाही, ती भरतच राहते. हे अंगात असतं, बापाकडून लेकीकडे येतं. नुसतं कापणं म्हणजे आणखी एक जखम करणं. म्हणून पुन्हा कापायचं आणि लगेच मोठ्या इस्पितळात विजेचा शेक, म्हणजे क्ष-किरणांचा, घ्यायचा, हा एक रस्ता होता.

'शेक' ऐकल्यावर सासूबाईंनी बाकाची कड धरली. शेक कुणाला देतात ते त्यांना ठाऊक होतं. मलाही भीती वाटली, पण वेगळी. आम्हाला मूल हवं होतं, आणि मानेच्या वर, डोक्याच्या इतक्या जवळ तो शेक घ्यायचा होता. डॉक्टरबाईंनी समजावलं की नीट आडोसा करून देतात. तरी भीती गेली नाही.

उठता उठता मी विचारलं, लावायचं काही नाहीच का?

त्यांनी खणातून एक परदेशी मासिक काढलं. तिकडे एका रानवेलीतून काढलेल्या द्रव्याचं मलम अशा व्रणांना लावतात, त्यांनी वाचलं होतं. आपल्याकडे ते येत नाही, मागवायची सोयही नाही. पानावर त्या वेलीचं चित्र होतं. जमिनीवर पसरलेली वेल, वाटोळी पानं, देठाशी खाच, कडा दातेरी.

मला हसूच फुटलं. डोळे अजून ओले होते आणि मी हसत होते. डॉक्टरबाईंना वाटलं असावं, पोरगी गेली हातातून.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ही आमच्याकडे पोत्यांनी येते."

पांढरी पूड

खरंच येत होती. बुद्धिवर्धक टॉनिकसाठी आमची कंपनी जी ब्राह्मी वापरायची ती हीच. कोकणात हिला कारिवणा म्हणतात. मनोरीच्या बाजूच्या ओलसर वाड्यांतून तिची पोती यायची आणि आठ महिने तिचा काढा गाळण्याचं काम माझ्याच टेबलावर होतं. हातांना तिचा वास लागलेला असायचा. आणि त्याच हातांनी मी दिवसभर कान खाजवत होते!

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. शब्द नीट सुचत नव्हते. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मासिकातला मजकूर मागवून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की टॉनिकचं काम संपल्यावर रोज तासभर हे करून बघायला हरकत नाही.

तो महिना मी जन्मात विसरणार नाही. वाळलेला पाला अल्कोहोलमध्ये भिजवायचा, गाळायचा. आधी नुसता काळपट हिरवा राब. दुसऱ्या द्रावणाने धुतला की हिरवा रंग त्यात निघून जातो आणि हवं ते द्रव्य मागे राहतं. मग कोळशाची पूड घालून पुन्हा गाळायचं. सर म्हणत, घाई करू नकोस, त्याला बसू दे. आणि एके सकाळी चंचुपात्राच्या तळाशी पांढरं काहीतरी बसलेलं दिसलं. पोतंभर पाल्यातून चमचाभर पूड. मी कॉलेजात पुस्तकातून शिकलेलं सगळं त्या एका चमच्यात खरं झालेलं पाहत होते. सरांनी टिपकागदावर ती वाळवली आणि एवढंच म्हणाले, "छान. आता तुझ्या कानांना विचारू."

डॉक्टरबाई मात्र तिथेच थांबणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, नुसतं लावून पाहिलं आणि बरं वाटलं तर मला काय कळणार? रोज चोळल्यानेही गाठ नरम पडते. देवाने तुला दोन कान दिलेत आणि दोन्हीवर सारखाच रोग दिलाय, त्याचा उपयोग करू. एका डबीत पूड घातलेलं मलम, दुसऱ्या डबीत नुसतंच मलम. दोन्ही पांढरी, दोन्हीचा वास सारखा. एकीवर 'डावा' लिहिलेलं, एकीवर 'उजवा'. कशात काय आहे ते सर एका कागदावर लिहून पाकीट बंद करतील आणि ते माझ्या खणात राहील. तीन महिने सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं चोळून लावायचं. तीन महिन्यांनी फरक दिसला तर पुढे जाऊ. नाही दिसला तर कापून शेक, आणि कुरकुर ऐकणार नाही.

कानामागे आपल्याला आपलं दिसत नाही. लावायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. घरी आल्यावर मी त्यांना अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं की यातल्या एकात औषध आहे आणि एकात नाही. का नाही, ते मात्र सांगितलं नाही. मला वाटलं, ते कळण्यासारखंच आहे.

तीन महिने

हे तीन महिने गोड गेले. सकाळी मी पाटावर बसायचे, सासूबाई मागे बसायच्या. एका कानाला दहा मिनिटं, दुसऱ्याला दहा मिनिटं. पोळ्या लाटून कडक झालेली बोटं, पण कानावर इतकी हलकी. तेवढ्यात त्या मला माहेरच्या गोष्टी विचारायच्या, स्वतःच्या सांगायच्या. लग्न होऊन दोन वर्षांत आम्ही एवढ्या बोललो नव्हतो.

दुसऱ्या महिन्यात खाज कमी झाली. थोडी, पण झाली. मला कुठल्याही क्षणी उडी मारावीशी वाटायची. ह्यांनी माझ्या नादाने करवंदांचा विनोदही बंद केला.

डॉक्टरबाई महिन्याला दातांच्या डॉक्टरकडचं गुलाबी मेण आणून गाठींचा ठसा घ्यायच्या. तिसऱ्या महिन्याच्या ठशांच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले.

त्यांनी सहाही ठसे टेबलावर ओळीने मांडले. मोजपट्टीने मोजले. गाठी दाबून पाहिल्या. मग पाकीट फोडलं, वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला.

दोन्ही कानांत फरक नव्हता. थोडं नरम पडलं होतं, थोडी खाज गेली होती, पण दोन्हीकडे सारखंच. "डाव्यात औषध होतं, उजव्यात नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे जे झालं ते चोळण्याने झालं. तुझ्या पुडीने नाही." त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि त्यामुळे जास्त लागलं. शेकासाठी पत्र त्यांनी तिथेच लिहून दिलं. सरांना फोन केला. सर म्हणाले की मग पुढचा पाला नको मागवू.

"सारखेच असणार की"

घरी आले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हेही घरी होते. मी साडी न बदलता खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. दोन्ही कान सारखेच आहेत, म्हणजे औषधात काही नाही. ह्यांनी विचारलं, मग शेक कधी?

सासूबाईंनी सुपातून खडा उचलून बाजूला टाकला. "सारखेच असणार की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "का?"

"आत जे होतं ते सारखंच होतं."

मला कळेना. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. पहिल्याच सकाळी, मी अंघोळीला गेले असताना, त्यांनी दोन्ही डब्यांतलं मलम एका वाटीत काढून कालवलं होतं आणि पुन्हा दोन्ही डब्यांत भरलं होतं. महिन्याला नवीन डब्या आल्या की तसंच.

"पितळेच्या वाटीत नाही हं," त्या म्हणाल्या. "औषध कळकलं असतं. काचेच्या वाटीत कालवलं."

ह्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "वाट लागली."

सासूबाईंना अजून वाटत होतं की मला ते आवडेल. "एका कानाला औषध आणि एका कानाला नुसतं लोणी? पंक्तीला दोघं बसलेले असताना एकाच्या भातावर तूप वाढायचं आणि दुसऱ्याच्या नाही, असा पंक्तिप्रपंच आपल्या घरात कधी झालेला नाही, शालू. आणि टोचायला तर दोन्ही कान मीच लावले होते."

मी काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण खरं सांगायचं ठरवलंय. मी म्हटलं, "तुम्हाला यातलं काही कळत नाही तर हात कशाला लावता?" त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं. पाच दिवस आम्ही कामापुरतं बोललो. त्या पाच दिवसांत माझे केसही मीच विंचरले.

बुधवारी प्रयोगशाळेत मोकळी बाटली धुता धुता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. डॉक्टरबाईंचा निकाल चुकीचा होता! दोन्ही कानांना अर्धं-अर्धं औषध मिळालं होतं. दोन्हीकडची खाज कमी झाली होती. औषध निकामी ठरलंच नव्हतं, त्याची परीक्षाच झाली नव्हती. आणि ती का झाली नाही, तर परीक्षा म्हणजे काय ते मी घरात कुणाला नीट सांगितलंच नव्हतं. शिकलेली मी होते. सांगायचं काम माझं होतं. माझ्या आईलाही वाचता येत नाही, आणि तिला कुणी असं बोललं असतं तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी सासूबाईंच्या पाया पडले. मग त्यांना का ते सांगितलं, पहिल्यांदा. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी कालवलं म्हणून तुला शेक बसणार होता?" मी होय म्हटलं. त्या उठून ठेवणीतलं लुगडं काढायला लागल्या. म्हणाल्या, गुरुवार उद्याच आहे, त्या बाईंना मीच सांगते.

मावशींची कबुली

ओपीडीत आमचा नंबर आला तेव्हा सासूबाई माझ्या पुढे आत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काचेच्या वाटीसकट.

डॉक्टरबाई ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मला वाटलं आता रागावतात. त्या हसत होत्या. "मावशी, तुम्ही माझे तीन महिने कालवलेत."

"चूक झाली," सासूबाई म्हणाल्या. "पण खाज दोन्हीकडची गेली ना?"

"गेली. आता ती कशाने गेली ते मला कोण सांगणार?"

"पुन्हा करा. आता हात लावणार नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांकडे उरलेली पूड एकाच कानाला तीन महिने पुरण्याएवढी होती. दोन्ही कानांना हवी असेल तर ती दोघांत वाटावी लागणार, पुन्हा अर्धी-अर्धी, आणि मग पुन्हा काहीच कळणार नाही. एकाच कानाला दिली तर दुसरा तीन महिने वाढतच राहील. कदाचित त्याला शेकच द्यावा लागेल. त्यांनी मला जबरदस्ती केली नाही. कान तुझे, तू ठरव, म्हणाल्या.

मी उठले. बाहेर बाकावर जाऊन बसले. समोर एक मुलगी होती, दहा-बारा वर्षांची, स्टोव्हने भाजलेली. गळ्यापासून खांद्यापर्यंत व्रणाची दोरी, त्यामुळे मान एका बाजूला ओढलेली. ती आईला काहीतरी विचारत होती आणि त्यासाठी तिला सगळं अंग वळवावं लागत होतं. माझ्या तर कानांवर करवंदं होती. त्या मुलीसाठी कुणाला तरी नक्की माहीत असायला हवं होतं.

मी आत जाऊन म्हटलं, एकाच कानाला द्या. आणि लावायचं सासूबाईंनीच.

"यांनीच?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्यांनीच," मी म्हटलं. घरी जाताना सासूबाईंनी माझा हात धरला तो दारापर्यंत सोडला नाही.

नाणं उडवून कान ठरला. डब्यांवर या वेळी 'क' आणि 'ख' लिहिलं, 'क' डाव्या कानाची, 'ख' उजव्याची, पाकीट बंद झालं. सासूबाईंनी एक डबी देवळीत ठेवली आणि दुसरी पार स्वयंपाकघरातल्या फळीवर. मधे हात धुवायच्या, साबणाने. पहिले आठ दिवस त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. कुठला कान उपाशी आहे ते माहीत नाही, पण एक कान उपाशी आहे एवढं माहीत आहे, आणि हात आवरायचा. एकदा मला म्हणाल्या, उपास करणं सोपं गं, उपाशी ठेवणं अवघड.

दीड महिन्यानंतर मला कळायला लागलं. एका बाजूला मी कुशीवर झोपू लागले होते. दुसऱ्या बाजूच्या मुंग्या परत आल्या होत्या. मी कुणाला बोलले नाही. पण स्वयंपाक करताना गुणगुणत होते, असं हे सांगतात.

बोटांचा निकाल

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी ठसे मांडले आणि मोजपट्टी उचलण्याआधी सासूबाईंना पुढे बोलावलं. "मावशी, सहा महिने तुम्ही हे कान हाताळलेत. तुमची बोटं काय म्हणतात?"

सासूबाईंनी दोन्ही गाठी चिमटीत धरल्या. "उजव्यात नुसतं लोणी आहे. औषध डाव्याला होतं."

"कशावरून?"

"रोज कणीक भिजवते मी. डावा तिंबून मऊ झालाय. उजव्याला अजून हातच लागलेला नाही."

मग मोजपट्टी लागली. डाव्या कानाची गाठ निम्म्यावर आली होती, रंगही उतरला होता. उजवी पहिल्या दिवशी होती तशीच, किंचित मोठीच. डॉक्टरबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि कागद सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मला दिला. मी मोठ्याने वाचला: डाव्या कानाची डबी, औषध. माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावले.

डॉक्टरबाईंनी लगेच पाय जमिनीवर आणले. एका बाईचे दोन कान म्हणजे पुरावा नव्हे. असे पुष्कळ कान, पुष्कळ खांदे पाहावे लागतील. शिवाय निम्मी गाठ अजून आहेच. पण शेकाचं पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं. आणि सरांनी दुसऱ्याच दिवशी मनोरीला निरोप पाठवला की पाला पाठवा.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. पाला आणून वाटून लावू नका. माझं ऐकून आमच्या शेजारणीने तसं केलं आणि तिचं कातडं फोडांनी भरलं. पाला वेगळा आणि त्यातून निवडून काढलेलं द्रव्य वेगळं. गाठ म्हणून कुणाकडून परस्पर कापून घेऊ नका. आईबापांच्या अंगावरचे वण एकदा पाहा, आणि ते उठलेले असतील तर हौसेसाठी कान टोचू नका. आणि हे जादूने जातं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. माझा डावा कान आज सपाट नाही, हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी आहे. पण ते खाजत नाही, आणि मी केस मागे बांधते. मूल झालं, मुलगी. तिचे कान अजून आम्ही टोचलेले नाहीत.

त्यानंतरच्या एका गुरुवारचं सांगते आणि थांबते. डॉक्टरबाईंनी आणखी काही रोग्यांना दोन-दोन डब्या द्यायला सुरुवात केली होती, आणि सासूबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. मी केसपेपर घेऊन आले तर त्या बाकावर त्या भाजलेल्या मुलीच्या आईशेजारी बसल्या होत्या. मुलीच्या गळ्याला एका डबीतलं आणि खांद्याला दुसरीतलं लावायचं होतं. ती बाई दोन डब्या मांडीवर घेऊन विचार करत होती.

सासूबाई तिला म्हणाल्या, "कालवू नकोस गं. तुझ्या मनात आलंय ते मला माहीत आहे. दोन डब्या दोन खोल्यांत ठेव."

"एकच खोली आहे, मावशी."

"मग एक माझ्या घरी ठेव. मी सकाळ-संध्याकाळ येईन घेऊन."

ती बाई हळूच म्हणाली, "पण ज्याला औषध नाही, त्या जागेचं काय?"

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं, माझे केस बाजूला केले आणि उजवा कान तिच्यासमोर धरला. आठच दिवसांपूर्वी त्याला औषध सुरू झालं होतं.

"हा बघ," त्या म्हणाल्या. "तीन महिने उपाशी बसला होता. आता जेवतोय."